पुण्याची सनद, ब्रसेल्सचा कायदा

माझा नवरा वकील आहे. एवढं सांगितलं की मराठी माणूस पुढचा प्रश्न हमखास विचारतो, "कुठल्या कोर्टात?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. सिंगापूरच्या कोर्टात पद्माकर उभा राहू शकत नाही, कारण त्याच्याकडे इथली सनद नाही. पुण्याच्या कोर्टात उभा राहू शकतो, पण तिथे त्याच्या कायद्याला कुणी विचारत नाही. आणि त्याचा कायदा जिथे चालतो ती कोर्टं लक्झेंबर्गला आहेत. तिथे त्याला मागच्या बाकावर बसून ऐकायची तेवढी परवानगी आहे. मी पूर्वी हे सगळं समजावून सांगायचे. मग कंटाळले आणि "कुठल्याच नाही" असं म्हणायला लागले. लोक हसायचे, तोही हसायचा.

त्याचा विषय युरोपचा स्पर्धा कायदा. एकच माल विकणाऱ्या कंपन्यांनी बाहेर भांडल्याचं नाटक करायचं आणि आतून भाव ठरवून घ्यायचे, गिऱ्हाइकं वाटून घ्यायची, हे युरोपात चालत नाही. पकडलं तर दंड असा बसतो की कंपनी बसकण मारते. कंपनी सिंगापूरची असो की साताऱ्याची, माल युरोपात विकला की हा कायदा लागू. एवढंच आहे ते. पण आमच्या महाराष्ट्र मंडळात हे कळलेला माणूस विरळा. एका वर्षी गणपतीत त्याला मोदकांच्या स्पर्धेचा परीक्षक केलं, स्पर्धेचे नियम तुमच्याइतके कुणाला ठाऊक, असं म्हणून. त्याने ते काम इतकं मनापासून केलं की दोन बायका वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तो पुण्यात लॉ शिकला, स्कॉलरशिप मिळवून बेल्जियमला गेला आणि तिथेच एका इंग्लिश फर्मच्या ब्रसेल्स ऑफिसात चिकटला. कायद्याचं वेड म्हणजे काय ते मी त्याच्यात पाहिलं. लोक जेवताना क्रिकेट बोलतात, हा जेवताना सिमेंट कंपन्यांविरुद्धच्या निकालावर बोलायचा. मी चार्टर्ड अकाउंटंट. ब्रसेल्सचा पाऊस आणि संध्याकाळी सहाला बंद होणारी दुकानं मला सोसली नाहीत. २००१ मध्ये मला सिंगापूरच्या एका बँकेत इंटर्नल ऑडिटला नोकरी मिळाली आणि आम्ही इरासकट इकडे आलो. इरा तेव्हा अडीच वर्षांची. त्याच्या फर्मचं रॅफल्स प्लेसला ऑफिस होतं. त्यांनी त्याला आनंदाने इकडे पाठवलं. आशियातल्या कंपन्या युरोपात माल विकतात, त्यांना सल्ला देणारा माणूस इथे हवाच होता.

गंमत अशी की तेव्हा सिंगापुरात असा कायदाच नव्हता. इथल्या मॅनेजरांना हा गुन्हा आहे हेच पटायचं नाही. चार कंपन्यांनी एकत्र बसून भाव सांभाळले तर ते समजूतदारपणाचं लक्षण, असं त्यांचं मत. पद्माकर त्यांना समजावून समजावून घरी यायचा आणि बुटांसकट सोफ्यावर बसायचा. मग २००४ उजाडलं आणि त्याला एका वर्षात दोन फटके बसले. कंपन्यांनी आपले करार आधी ब्रसेल्सला, म्हणजे युरोपच्या आयोगाला, कळवून मंजुरी घ्यायची, ही जी पद्धत होती ती ब्रसेल्सने मोडीतच काढली. ते अर्ज लिहिण्यात याचा हात धरणारं कुणी नव्हतं. उमेदीची दहा वर्षं ज्यात घातली ते काम एका मे महिन्यात संपलं. आणि वर्षअखेरीस सिंगापूरने स्वतःचा स्पर्धा कायदा पास केला, बराचसा युरोपच्याच वळणाचा. म्हणजे याच्या तोंडपाठ असलेला. पण परक्या सनदेच्या वकिलाला इथल्या कायद्यावर सल्ला देता येत नाही. ताट वाढलं होतं आणि याला पंगतीत बसायला मनाई होती. मी चिडले. तो म्हणाला, नियम बरोबर आहे.

हे त्याचं पालुपद. नियम बरोबर आहे. मला यापेक्षा जास्त कशाचा राग आला असेल असं वाटत नाही.

आता त्याच्या कामातली खरी मेख सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वकिलाने अशिलाला दिलेला सल्ला गुप्त असतो, तो सरकारला वाचता येत नाही. पण युरोपच्या स्पर्धा कायद्यात हे संरक्षण मिळायला वकील युरोपातल्या कुठल्यातरी देशाची सनद असलेला लागतो. पद्माकरची सनद महाराष्ट्राच्या बार कौन्सिलची. त्याने अशिलाला लिहिलेलं पत्र उद्या धाडीत सापडलं, तर ब्रसेल्सचे अधिकारी ते खुशाल वाचणार आणि अशिलाच्याच विरुद्ध वापरणार. म्हणून फर्मचा दंडक असा, की पद्माकरने अशिलाला लेखी काही द्यायचं नाही. तो तोंडी बोलेल. लेखी सल्ला लागला तर तो मसुदा करेल, खाली सहीची जागा रिकामी सोडेल आणि लंडनला पाठवेल. लंडनचा पार्टनर आपलं नाव घालून तो अशिलाला धाडेल. असे कितीतरी मसुदे मी आमच्या बुकित तिमाहच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर पाहिलेत. वीस-वीस पानं, एका शब्दाला खोड काढता येणार नाही असं लिहिलेलं, आणि शेवटी एक रिकामी ओळ.

माझा धंदा ऑडिटचा. माझ्याकडे ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही असं धरतात. आणि माझा नवरा अशा धंद्यात की कागद झाला तर घात. इरा शाळेत जायला लागल्यावर बाईंनी विचारलं की तुझे वडील काय करतात. ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा टॉक्स ओन्ली, लाह. ही नेव्हर राइट्स." बाईंना वाटलं, रेडिओवर असतील.

इंग्लंडची सनद घ्यायला एक परीक्षा होती. भारतीय वकिलांना देता यायची. ब्रसेल्सला असताना ती नेहमी चालू केस संपल्यावर द्यायची होती. इथे आल्यावर मी पुस्तकं मागवली, ती आली, कपाटात गेली. फर्म म्हणाली, कशाला दगदग, सही करायला लंडन आहेच. त्याला ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.

तरी २००६ साल आमचं असेल असं वाटत होतं. नवा कायदा जानेवारीत लागू झाला आणि फर्मने एका इथल्या फर्मशी हातमिळवणी केली. इथल्या कायद्यावर सह्या करायला आता इथल्या सनदेचे वकील होते, पण त्या सगळ्यांना दिशा देणारा प्रमुख हवा होता. मॅनेजिंग पार्टनरने पद्माकरला जेवायला नेऊन सांगितलं की वर्षअखेरीस आशियातल्या या कामाचं प्रमुखपद तुमचंच. लेटरहेडवर नाव येईल. पद्माकर घरी आला आणि बूट काढून, नीट रॅकवर ठेवून मग सोफ्यावर बसला. तेवढ्यावरून मी ओळखलं की याला हे किती हवंय. त्याने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, पण त्या आठवड्यात दोनदा विचारलं, "नाव आधी छापतात की हुद्दा आधी?"

त्याच वर्षीचा ऑगस्ट. प्रताप नावाचा एक कोल्हापूरचा माणूस आमच्या ओळखीचा होता, आमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. टीव्हीच्या खोक्याला जी प्लास्टिकची पिवळी पट्टी आवळलेली असते, ती बनवणाऱ्या सिंगापूरच्या एका कंपनीत तो युरोपच्या विक्रीचा मॅनेजर होता. कंपनी पद्माकरच्या फर्मची अशील. प्रताप आणि त्याची बायको अनुया ईस्ट कोस्टला राहायचे. एका शनिवारी त्याचा फोन आला, उद्या फिरायला या म्हणून. पद्माकर कामाचं बोलणं पार्कमध्येच करायचा. लिहायचं नाही, तर बंद खोलीत तरी कशाला बसायचं, असं त्याचं म्हणणं.

रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो. ते दोघे पुढे, मी आणि अनुया मागे. कुणीतरी बार्बेक्यू पेटवला होता, सायकलवाली पोरं घंटा वाजवत मधून जात होती. अनुया ट्यूशनच्या बाईंबद्दल काहीतरी सांगत होती. पुढे प्रताप काय सांगत होता ते मला नंतर कळलं. दर तिमाहीला पट्टी बनवणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग झाली की चार कंपन्यांचे लोक दुसऱ्या हॉटेलात जमायचे आणि कुणी कुणाचं गिऱ्हाईक तोडायचं नाही ते ठरवायचे. त्या चारांत प्रतापही होता. आता त्यांच्यातली एक इटालियन कंपनी फोन उचलेनाशी झाली होती.

पद्माकर थांबला. माझा नवरा आवाज चढवत नाही. इराच्या वेळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी चार तास ताटकळत ठेवलं तेव्हाही चढवला नव्हता. त्या दिवशी तो भर पार्कमध्ये ओरडला.

"उद्या म्हणजे उद्या, प्रताप. परवा नाही. उद्या सकाळच्या विमानाने ब्रसेल्सला जा आणि सगळं सांगून टाका."

एक मुलगा सायकलवरून उतरून बघायला लागला. अनुयाही पुढे बघायला लागली. का उद्या, तेही मला नंतर कळलं. जी कंपनी स्वतःहून पहिली जाऊन कबूल करते तिचा सगळा दंड माफ होतो. दुसरीला सवलत मिळते, माफी नाही. इटालियन लोक फोन उचलत नाहीत याचा अर्थ ते कपडे करून निघालेत, असं पद्माकरचं म्हणणं.

प्रताप घाबरला, पण त्याने करायचं ते केलं. तिथेच सुरूच्या झाडांकडे जाऊन चेअरमनला फोन लावला. आम्ही तिघं बाकावर बसून त्याच्याकडे बघत होतो. तो हात हलवून हलवून बोलत होता, "टुमॉरो, सर, टुमॉरो" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. चेअरमन म्हणत होते की वकिलांनी लेखी द्यावं, मगच बघू.

आणि लेखी तर हा देऊ शकत नव्हता. याने लिहून दिलं, आणि कंपनी तरीही गेली नाही, आणि उद्या धाड पडली, तर तोच कागद कंपनीच्या गळ्यात. म्हणून त्याने लंडनला फोन केला. पण ऑगस्ट होता. ऑगस्टात युरोप बंद असतं, हे मी ब्रसेल्सला राहून शिकले आहे. पार्टनर कुठल्याशा ग्रीक बेटावर होता. फोनवर आला, म्हणाला, घाई करू नका, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आल्यावर पाहतो. लंडनच्या ऑफिसात सनद असलेला एक ज्युनियर होता, तो म्हणाला, पार्टनरने होकार दिल्याशिवाय मी सही कशी करू. पद्माकर त्या आठवड्यात रोज फोन करत होता, लंडनला, बेटावर, प्रतापला, पुन्हा लंडनला. इटालियन ऑगस्टच्या अखेरीस ब्रसेल्सला पोचले. त्यांना सुट्टी नसावी.

ऑक्टोबरमध्ये प्रतापच्या कंपनीच्या रॉटरडॅम ऑफिसवर धाड पडली. अधिकाऱ्यांनी संगणक नेले, फायली नेल्या, डायऱ्या नेल्या. त्यात पद्माकरचा एकही कागद नव्हता. नियम तंतोतंत पाळला गेला होता.

मग जे होतं ते झालं. चेअरमनने फर्मला कळवलं की आम्हाला वेळेवर सल्ला मिळाला नाही. प्रतापला विचारलं तर तो म्हणाला, पद्माकर मोघम बोलले, निकड अशी जाणवली नाही. लंडनचा पार्टनर म्हणाला, प्रकरण इतकं तातडीचं आहे असं मला कुणी सांगितलं नाही. मॅनेजिंग पार्टनरने पद्माकरला बोलावून अगदी गोड शब्दांत विचारलं की तुम्ही 'ताबडतोब जा' असं सांगितल्याचा काही पुरावा आहे का. पद्माकर म्हणाला, नाही.

हे मला त्याने रात्रीच्या जेवणाला मी आमटी वाढत असताना सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं. मी पळी खाली ठेवली.

"नाही काय? मी होते तिथे. अनुया होती. मी उद्या येते तुझ्या ऑफिसात आणि सांगते काय ऐकलं ते."

"तू काही सांगायचं नाहीस."

"का?"

"ब्रसेल्सची चौकशी चालू आहे. कंपनीला ऑगस्टात सगळं कळलं होतं आणि तरी त्यांचा माणूस सप्टेंबरच्या मीटिंगला गेला, हे बाहेर आलं तर दंड वाढेल. अशील आहे तो आपला."

"तो अशील तुला बुडवतोय."

"बुडवू दे. अशील आहे."

मी खूप बोलले त्या दिवशी. नको तेही बोलले. कपाटातली परीक्षेची पुस्तकं काढून टेबलावर आपटली. त्याने ती उचलून परत जागेवर ठेवली, क्रमाने. मला रडू आलं ते दुःखाने नाही, संतापाने. खोटं बोलणाऱ्यांची बाजू ऐकून घेतली जाते, खरं बोलणाऱ्याचं तोंड त्याच्याच कायद्याने शिवलेलं, आणि त्याला ते रास्त वाटतं, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

प्रमुखपद लंडनहून आलेल्या एका पस्तिशीच्या गृहस्थाला मिळालं. माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवशी पद्माकरच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, मला सगळं तुमच्याकडून शिकायचंय. पद्माकरने शिकवलं. पुढच्या वर्षी फर्मने नव्या मुलांसाठी प्रशिक्षण ठेवलं, ते द्यायचं काम याच्याकडे आलं. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अशिलाला दिलेला प्रत्येक सल्ला लेखी असावा. ती स्लाइड नव्या प्रमुखाने केली होती. पद्माकरचं जे झालं त्यातूनच फर्मने हा धडा घेतला होता. पद्माकरने ती वाचून दाखवली आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

त्या काळात मी प्रताप आणि अनुयाशी संबंध तोडले. पद्माकर रस्त्यात भेटला तर प्रतापशी बोलायचा, मी नाही. मंडळाच्या गणपतीला अनुया प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे असायची. ती वळून बघायची, मी छताकडे बघायचे. असं तीन वर्षं चाललं. मला वाटायचं, हिने ऐकलंय. हिला माहीत आहे. ही रोज त्या माणसाला जेवायला कशी वाढते?

२००९ मध्ये ब्रसेल्सचा निकाल लागला. दंड कंपनीला पेलला नाही. मालकांनी कंपनी विकून टाकली आणि नव्या मालकांनी आल्या आल्या घर झाडायला घेतलं. हे कुणामुळे झालं, असं त्यांनी विचारलं. जुन्या चेअरमननी सांगितलं की प्रतापने आम्हाला काही कळवलंच नव्हतं, त्याने सगळं स्वतःजवळ ठेवलं.

त्याच आठवड्यात एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात प्रताप आणि अनुया. मी दार पूर्ण उघडलं नाही. पद्माकर मागून आला, "या" म्हणाला आणि स्वतः चहा ठेवायला आत गेला, कारण मी हललेच नाही.

प्रताप वाळला होता. त्याने नजर टेबलावर ठेवून सांगितलं की खरं काय झालं ते लेखी मिळालं नाही तर सोमवारी त्याला काढून टाकणार. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जाईल. त्याचा पीआरचा, म्हणजे कायम राहण्याचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता आणि मुलगा ओ लेव्हलला, म्हणजे आपल्याकडच्या दहावीला होता. २००६ मध्ये चेअरमनच म्हणाले होते, वकील मोघम बोलला असं सांग, मी तुला सांभाळून घेतो. आता त्यांनी सांभाळून घेतलं ते असं.

"वहिनी, मी तेव्हा चुकलो," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं होतं," मी म्हटलं. "ऐकलंही होतं. तीन वर्षांपूर्वी विचारायचं होतंस."

 अनुया मात्र माझ्याकडे सरळ बघत होती. "नीताताई, भावजी काय ओरडले होते ते या घरात एकदा मला म्हणू दे," ती म्हणाली. "उद्या म्हणजे उद्या. परवा नाही. तीन वर्षं मी हे याला ऐकवतेय. रोज नाही, पण जेव्हा जेव्हा हा म्हणायचा की झोप लागत नाही, तेव्हा."  मी उठून पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. मला तिचा राग होताच. पण मी तीन वर्षं ज्या एका वाक्याची वाट पाहत होते ते तिने बोलून टाकलं होतं.

पद्माकर चहा घेऊन आला. त्याने विचारलं ते एवढंच, की नव्या मालकांचं परवानगीपत्र आणलंय का. प्रतापने ते पुढे केलं. कंपनी आपल्या जुन्या वकिलाला लिहीत होती, की ऑगस्ट २००६ मध्ये काय बोलणं झालं ते आम्हाला लेखी कळवा, गुप्ततेचं बंधन आम्ही उठवत आहोत. पद्माकरने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "लिहितो."

ते गेल्यावर मी त्याला अडवलं. म्हटलं, तुझ्या प्रमुखपदावर ज्याने पाणी सोडायला लावलं त्याच्यासाठी तू आता लिहिणार? इतका कसा रे तू साधुसंत? तो चकितच झाला. साधुसंत कसला, तो म्हणाला, तेव्हा अशिलाच्या हिताला बाधा येत होती म्हणून गप्प बसलो, आता अशीलच लिहा म्हणतोय. यात प्रताप कुठे आला? मी कपाळावर हात मारला. या माणसाने ना सूड घेतला होता ना क्षमा केली होती. त्याने फक्त नियम पाळला होता, तेव्हाही आणि आताही. तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. प्रतापची नोकरी राहिली. पद्माकरने एक प्रत आपल्या फर्मलाही दिली होती, तिला मॅनेजिंग पार्टनरचं दोन ओळींचं उत्तर आलं. आभारी आहोत, नोंद घेतली आहे. प्रमुखपद होतं तिथेच राहिलं, आणि त्या पस्तिशीच्या गृहस्थाने पद्माकरला कॉफी पाजली. मी ते उत्तर वाचून लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की त्याची बिजागरी गेली.

पण त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तो लिहीत होता. ईस्ट कोस्ट, बाक, सायकलवाला मुलगा, झाडांखालचा फोन, ग्रीक बेट, सगळं. स्वतःची तारीफ नाही, कुणाची निंदा नाही. अडीच पानं झाली. मला म्हणाला, तू ऑडिटवाली, एकदा नजर टाक. मी त्याच्या खांद्यावरून वाचत गेले. एका शब्दाला खोड काढता येईना. शेवटी आले आणि थांबले. खाली एक ओळ रिकामी होती.

"इथे कुणाचं नाव?" मी विचारलं.

 त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने हाताने आपोआप जागा सोडली होती, लंडनसाठी. मग त्याने सावकाश स्वतःचं नाव टाइप केलं, आडनावासकट, आणि बोटं तशीच ठेवून माझ्याकडे वळला.

"खाली काय लिहू?"

"म्हणजे?"

"हुद्दा. सॉलिसिटर लिहिता येत नाही. पार्टनर नाही. प्रमुख तर नाहीच."

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाला "कुठल्याच नाही" म्हणून लोकांना हसवत आले होते, तो प्रश्न आता हा मला विचारत होता. मला हसू आलं नाही.

"वकील लिही," मी म्हटलं.